एआर-१५ बोल्टचे छोटे भाग: झीज कशी ओळखायची, काय कधी बदलायचं

एआर-१५ आणि एम१६ धाटणीच्या रायफलमध्ये मुख्य बोल्ट, म्हणजे गोळी झाडताना चेंबर (गोळी बसते ती जागा) मागून बंद करणारा भाग, बराच काळ टिकतो. आधी थकतात ते त्यावरचे छोटे भाग: एक्स्ट्रॅक्टरची (रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढणाऱ्या नखाची) स्प्रिंग, ती बाहेर फेकणारा इजेक्टर, आणि बोल्टभोवती गॅस अडवणाऱ्या गॅस रिंगा. स्प्रिंगा आणि रिंगा साधारण ५,००० फैरींनंतर सरसकट बदलून टाकणं चांगलं. पण नुसत्या फैरी मोजून भागत नाही. छोटा भाग वेळेआधी गेला असेल, तर त्याला मारणारं कारण बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं. ते न शोधता नवा भाग बसवला, तर तोही तसाच जातो.

हात लावण्याआधी मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपून घ्या. खऱ्या गोळ्या त्या खोलीतही नकोत. बोल्टमधून स्प्रिंगा उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

सुरुवात रिकाम्या पुंगळीपासून करा. पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि तिची कड धड असेल, तर एक्स्ट्रॅक्टरची पकड सुटली आहे. कड ओरबाडली किंवा फाटली असेल, तर पकड उलट भक्कम होती. मग दोष घाणेरड्या चेंबरचा, नाहीतर बोल्ट फार लवकर उघडण्याचा. आखूड गॅस नळीच्या कार्बाइनमध्ये हे जास्त दिसतं, कारण गॅसचं छिद्र चेंबरच्या जवळ असतं आणि बोल्ट उघडायला लागतो तेव्हा पुंगळी अजून दाबाखाली चेंबरला चिकटलेली असते. अशा वेळी जास्त कडक स्प्रिंग बसवली की लक्षण दबतं, पण ताण एक्स्ट्रॅक्टरच्या नखावर आणि बोल्टच्या दातांवर (बोल्ट लॉक करणाऱ्या पुढच्या उंचवट्यांवर) पडतच राहतो.

एक्स्ट्रॅक्टर काढायला हातोडी लागत नाही. त्याची मागची बाजू अंगठ्याने दाबून धरा आणि फायरिंग पिनच्या (आदळून गोळी पेटवणाऱ्या सुईच्या) टोकाने त्याची पिन बाहेर ढकला. नखाच्या खोबणीत पितळेचा थर साचतो, तो ताठ ब्रशने खरवडून काढा, मग भिंगाखाली कड तपासा. कोपऱ्याचा टवका उडाला असेल किंवा धार गोल झाली असेल तर भाग बदला. कानशीने नवी धार काढायच्या भानगडीत पडू नका. स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून बघा, आखूड दिसली तर टाकून द्या. स्प्रिंग नुसती दाबून राहिल्याने फारशी मरत नाही. सारखं दबणं-सुटणं आणि चेंबरजवळची उष्णता तिला मारते. आतला रबरी तुकडा कडक झाला असेल किंवा चिरला असेल तर तोही बदला. बसवताना स्प्रिंगचं रुंद टोक एक्स्ट्रॅक्टरच्या बाजूला जातं.

पुंगळी चेंबरमधून निघते पण बाहेर फेकली जात नाही, तेव्हा इजेक्टर बघा. डमी (दारू आणि प्रायमर नसलेल्या) काडतुसाच्या कडेने तो दाबा. हालचाल सरळ हवी आणि दाब सोडला की तो झटकन परत यायला हवा. अडखळत असेल तर खाली पितळेचा कीस अडकला आहे. दोन-तीन थेंब सॉल्व्हंट सोडून वीस-पंचवीस वेळा दाबा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. नाहीच झालं तर इजेक्टर दाबून धरून, पिनेच्या मापाच्या रोल पिन पंचाने पिन काढा, भोक साफ करा, नवी स्प्रिंग घाला. इजेक्टरवरची खाच पिनेच्या भोकासमोर आली पाहिजे. पिन जोर लावूनही जात नसेल तर खाच फिरली आहे. काढलेली रोल पिन पुन्हा वापरू नका.

गॅस रिंगांची परीक्षा अगदी सोपी आहे. बोल्ट ज्यात बसतो त्या कॅरिअरमधून तो पूर्ण पुढे ओढा आणि कॅरिअर बोल्टच्या तोंडावर उभा करा. कॅरिअर स्वतःच्या वजनाने खाली बसला तर तिन्ही रिंगा बदला. रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या म्हणून रायफल अडत नाही, त्याची काळजी सोडा. नवी रिंग एक टोक खाचेत धरून, किल्ल्यांच्या कड्यात किल्ली सरकवतात तशी फिरवत न्या. जास्त ताणली की तिचा गोलपणा जातो. रिंगा बदलूनही बोल्ट पुरेसा मागे येत नसेल तर कॅरिअरवरच्या गॅस कीचे (गॅस आत घेणाऱ्या नळकांडीचे) स्क्रू तपासा. ते ढिले झाले तर गॅस तिथूनच गळतो.

फायरिंग पिनचं टोक गुळगुळीत आणि अर्धगोल हवं. प्रायमर (पुंगळीच्या बुडातली पेट घेणारी टिकली) फुटला की तापलेला गॅस टोकाला खड्डे पाडतो, आणि खड्डे पडलेलं टोक पुढचे प्रायमर फोडतं. पिन पूर्ण पुढे ढकलून बोल्टच्या तोंडापासून ती किती बाहेर येते ते मोजा: ०.०२८ ते ०.०३६ इंच, म्हणजे ०.७१ ते ०.९१ मिमी. गोळी चेंबरमध्ये जाताना प्रायमरवर हलकासा ठिपका उमटतो, तो दोष नाही. ही पिन मोकळी असल्यामुळे तसं होतं. पिन अडवणाऱ्या कॉटर पिनचे पाय फाकवू नका आणि दाबूही नका.

शेवटी बोल्ट. चिरा दोन जागी शोधा: कॅम पिनच्या (बोल्ट फिरवून लॉक करणाऱ्या पिनच्या) भोकाभोवती आणि एक्स्ट्रॅक्टरला लागून असलेल्या दातांच्या मुळाशी. तेलाचा अंशही न ठेवता डाय पेनिट्रंट (चिरेत शिरणारा लाल रंग) लावा, दहा मिनिटं थांबा, पुसून डेव्हलपर (तो रंग वर खेचणारी पांढरी फवारणी) मारा. पांढऱ्यावर लाल रेघ उठली तर बोल्ट बाद. वेल्डिंगने त्याचं उष्णता-संस्करण बिघडतं, ती वाट अजिबात नको. नवा बोल्ट बसवला तर आर्मररकडून (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडून) गेजने हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड आणि चेंबर यांतलं अंतर) तपासून घ्या.

जोडताना दात, रिंगा आणि कॅम पिनला तेल द्या, फायरिंग पिनची नळी जवळपास कोरडी ठेवा. कॅम पिन विसरली तर बोल्ट लॉक न होताच गोळी सुटू शकते आणि रायफल हातात फुटू शकते, म्हणून ती दोनदा बघा. बोल्टचं तोंड वर ठेवून कॅरिअरला झटका द्या, फायरिंग पिन मागून निसटता कामा नये. मग रेंजवर मॅगझिनमध्ये एकच गोळी भरून झाडा. मॅगझिन रिकामं झाल्यावर बोल्ट मागेच थांबून राहिला तर गॅस पुरतोय. असं चार-पाच वेळा करा आणि दर वेळी पुंगळीची कड आणि प्रायमर बघूनच पुढची भरा.