नाहुआत्ल नावांतली चांदणी वाचताना या चुका टाळा

नाहुआत्ल ही मध्य मेक्सिकोतली, अझ्टेक लोकांची भाषा. तिथल्या वेशोत्सिंकोची १५६० सालची शिरगणती चित्रांत आहे. आज ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. माणसाचं नुसतं डोकं, त्याला जोडलेलं नावाचं चित्र, जवळच रोमन अक्षरांत लिहिलेलं नाव. त्यात चांदणी आली की नवा वाचक हमखास फसतो.

पहिली चूक डोळ्याची. मध्य मेक्सिकोच्या जुन्या पद्धतीत तारा डोळ्यासारखा काढत. काळोखं आकाश काढायचं तर काळ्या रंगावर डोळे पेरत. त्यामुळे डोळा दिसला की 'ईश' (डोळा, चेहरा) असं वाचून मोकळं होऊ नका. भोवती काळा रंग किंवा किरण आहेत का ते पाहा, मग शेजारच्या अक्षरांशी ताडून बघा.

दुसरी चूक मला जास्त खटकते. टोकदार, किरणांची चांदणी दिसली की लोक म्हणतात, हे तर स्पॅनिश झालं, यात नाहुआत्ल काही उरलं नाही. चांदणीचा घाट युरोपीय चित्रांवरून आला, हे खरं. पण चित्रकार त्यातून शब्द लिहितोय तो आपलाच: 'सित्लालिन', म्हणजे तारा. लिपीचं चिन्ह बदललं म्हणून भाषा बदलत नाही. मोडीतून देवनागरीत आलो तरी आपली मराठी मराठीच राहिली.

चांदणीचं नाव जन्मदिवसावरून पडलं असं समजू नका. २६० दिवसांच्या पंचांगात दिवसांची वीस चिन्हं आहेत: मगर, वारा, घर, ससा, फूल वगैरे. त्यांत तारा नाही.

'सित्लालिन'मधला 'इन' जोडशब्दात गळतो, म्हणून शोधताना 'सित्लाल' एवढंच धरा. ५,६३६ मीटर उंचीचा सित्लाल्तेपेत्ल म्हणजे ताऱ्याचा डोंगर.

आणि चांदणीतून वळसे निघत असतील तर ते सोडून देऊ नका. तो धूर आहे, 'पोपोका'. तोंडासमोरचा तसाच वळसा मात्र बोलण्याचा. धूर सोडणारा तारा म्हणजे आपला धूमकेतू. दोन्ही भाषांना त्यात धूरच दिसला. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस मध्य मेक्सिकोतल्या त्लाश्काला राज्यात पोचला तेव्हा तिथल्या चार प्रमुखांपैकी एकाचं नाव हेच होतं: सित्लालपोपोकात्सिन. शेवटचा 'त्सिन' आदराचा, आपल्या 'राव'सारखा.