पोराच्या हातात पैसे कसे द्यावेत

कराडला माझं किराणा दुकान आहे. सकाळी दूध-पावाच्या वेळेला आणि शाळा सुटल्यावर निम्मी गिऱ्हाइकं म्हणजे पोरंच. पैशाचं वळण घरात कसं लागतं ते गल्ल्यावर बसून चांगलं दिसतं, म्हणून चार गोष्टी सांगते.

पोर सात-आठ वर्षांचं झालं, दुकान ओळखीचं असलं आणि मोठा रस्ता ओलांडायचा नसला, तर त्याला एकटं पाठवा. हातात मोबाईल नको, नोट द्या. स्कॅन करणाऱ्या पोराला एवढंच कळतं की आवाज झाला की पुडा मिळतो. सुरुवातीला 50 ची नोट आणि 32 रुपयांचा माल, असा सोपा हिशोब ठेवा. निघताना "किती परत येतील?" एवढं विचारा, उत्तर सांगू नका. परत आलेले पैसे मात्र दुकानातच मोजायला शिकवा. दुसरीतली एक पोरगी माझ्या गोळ्यांच्या बरणीच्या झाकणावर नाणी ओळीनं लावते, बोट ठेवून मोजते आणि मगच मूठ मिटते. मागे गिऱ्हाइकं खोळंबली तरी मी तिला हलवत नाही.

सुट्टे नाहीत म्हणून कुणी चॉकलेट टेकवलं, तर "नको काकू, पैसेच द्या" म्हणायचं, हेही सांगून ठेवा. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे आवडणार नाही, पण ते बरोबर आहे. वरचे पैसे कुणाचे, ते पोर निघायच्या आधी ठरवा. एक दिवस "ठेव तुला" आणि दुसऱ्या दिवशी "कुठं गेले दोन रुपये?" असं केलंत, तर पोर खोटं बोलायला शिकतं.

जरा मोठं झालं की पाकीट उलटं करून वाचायला लावा. छापील किंमत, वजन, तारीख. आता बहुतेक पाकिटांवर एका ग्रॅमचा भावही छापलेला असतो. 10 रुपयांची दोन पाकिटं शेजारी ठेवा आणि कुठलं स्वस्त ते त्यालाच शोधू द्या. पाचवीतल्या पोराला यात मजा येते.

आता उधारीचं. उधार आणायला पोराला पाठवू नका. महिनाअखेरीला मी फोन केला की मागून "पप्पा घरी नाहीत म्हणून सांग" असं ऐकू येतं, आणि पोर तसंच सांगतं. त्या घरात हिशोबाची शिकवणी लावून काय होणार? उधारी असण्यात लाज नाही, पगार उशिरा झाला की चांगल्या चांगल्या घरांचं पान भरतं. उलट ती फेडायला येताना पोराला बरोबर आणा. मी वही पुढे करते, बेरीज त्याला मोठ्यानं वाचू द्या, नोटा त्याच्या हातानं द्या. मग मी लाल पेनानं पानावर काट मारते, ती त्याला बघू द्या. पैसे कमी पडले तर "ताई, राहिलेले 10 तारखेला देतो" हे पोरासमोरच बोला, आणि 10 तारखेला या.

दहा वर्षं पूर्ण झाली की पोस्टात त्याच्या स्वतःच्या नावानं बचत खातं उघडता येतं, व्यवहारही तोच करू शकतो. सुरुवातीला 500 रुपये लागतात. जन्माचा दाखला, आधार आणि फोटो बरोबर न्या. मुलीचं सुकन्या खातं आहेच की, असं काहीजण म्हणतात. ते जरूर चालू ठेवा, पण 18 वर्षांपर्यंत ते आईवडीलच चालवतात. हाताळायला तिला साधं खातंच लागतं.

पासबुक तुमच्या कपाटात नको, त्याच्या दप्तराच्या कप्प्यात राहू दे. पैसे भरायची स्लिप त्यालाच लिहू द्या. आकडा अक्षरात लिहिताना खाडाखोड होणारच. मग दुसरी स्लिप घ्यायची, काउंटरवर फुकट मिळते.