जमलं ते का जमलं? टीमच्या यशाचीही छाननी कशी करावी

काम फत्ते झालं की पेढे, फसलं की मीटिंग. महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीत जा, वागळे इस्टेटमध्ये जा, नाहीतर ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये, बहुतेक ठिकाणी रीत हीच. चूक झाली की मेल फिरतात, कारणं शोधली जातात, कुणाला तरी लेखी खुलासा द्यावा लागतो. अवघड काम वेळेत पार पडलं, तर ग्रुपवर अंगठे येतात आणि विषय मिटतो. मग काही महिन्यांनी तेच काम दुसऱ्या शिफ्टच्या हातात जातं आणि अडतं. पहिल्यांदा ते कशामुळे जमलं होतं, हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं.

नव्या माणसाच्या प्रशिक्षणात हे फार जाणवतं. त्याला काय करायचं नाही याची लांबलचक यादी मिळते. चांगलं काम होतं कसं, ते मात्र शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडून जमेल तसं उचलायचं.

शमुएल एलिस आणि इन्बार दाविदी या संशोधकांनी २००५ साली इस्रायली सैनिकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. सैनिकांचा दिशाशोधाचा सराव चालू होता. एका गटाने प्रत्येक सरावानंतर फक्त चुकांची चर्चा केली, दुसऱ्या गटाने चुका आणि जमलेल्या गोष्टी अशा दोन्हींची. दुसऱ्या गटाची सुधारणा जास्त झाली. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: चर्चेची ही पद्धत सुरू होण्याआधी, फसलेल्या प्रसंगांबद्दल सैनिकांचा विचार खोल होता आणि यशस्वी प्रसंगांबद्दल उथळ. आपल्या ऑफिसातही हेच होतं. जमलेल्या कामाचा कुणी विचारच करत नाही. तो कसा करायचा, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिली पायरी: जोडी निवडा

एकाच प्रकारची दोन कामं घ्या, एक जमलेलं आणि एक फसलेलं. वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर घेऊ नका, तिच्यात सगळंच वेगळं असतं. रोजचं काम घ्या. उदाहरण म्हणून महाप्यातल्या एका कारखान्याचा डिस्पॅच विभाग धरू. निर्यातीचा माल कंटेनरमध्ये भरून न्हावा-शेवा बंदरात कट-ऑफच्या, म्हणजे त्या जहाजासाठी माल घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या, आत पोचवायचा, हे त्यांचं काम. मंगळवारचा कंटेनर वेळेआधी आत गेला, आधीच्या आठवड्यातला चुकला. ही झाली जोडी.

दुसरी पायरी: योग्य माणसं, ताज्या आठवणी

काम संपल्यापासून दोन दिवसांत बसा. आठवडा उलटला की प्रत्येकाच्या डोक्यात आपापली गोष्ट तयार होते. अर्धा-पाऊण तास पुरतो. ज्यांचे हात कामाला लागले ते सगळे हवेत: कागदपत्रं बघणाऱ्या मॅडम, सुपरवायझर, कंत्राटावरचे लोडिंगवाले, गेटवरचा सिक्युरिटी. ड्रायव्हर येऊ शकत नसेल तर त्याला फोन लावा. ज्या भाषेत काम चालतं त्याच भाषेत बोला. लोडिंगवाल्यांसमोर इंग्रजी स्लाइड लावल्या की ते गप्प बसतात, आणि खरी माहिती बऱ्याचदा त्यांच्याकडेच असते. साहेबांनी शेवटी बोलायचं. त्यांनी आधी मत दिलं की बाकीचे माना डोलावतात.

तिसरी पायरी: चार प्रश्न, आणि पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही

प्रश्न जुने आणि साधे आहेत. अमेरिकी लष्कराने १९७०च्या दशकापासून आपल्या सरावात ते रुळवले: ठरलं काय होतं, झालं काय, असं का झालं, आणि पुढच्या वेळी काय करायचं? जमलेल्या कामाला हेच चारही प्रश्न तितक्याच कडकपणे विचारा.

तर मंगळवारचा कंटेनर. ठरलं होतं, रात्री आठच्या आत गेट-इन, म्हणजे गाडी बंदराच्या गेटातून आत. झालं, साडेसहालाच. का? पहिलं उत्तर असतं, "त्या दिवशी ट्रॅफिक नव्हता." ते लिहून घ्या आणि पुढे विचारा. गाडी किती वाजता निघाली? दीडला. नेहमी? साडेतीन-चार होतात. मग परवा दीडला कशी निघाली? कागद तयार होते म्हणून. ते कसे तयार होते?

इथे मॅडम सांगतात, "रिकामा कंटेनर आदल्या संध्याकाळीच आला होता. मी यार्डात जाऊन दारावरचा नंबर स्वतः वाचला आणि बुकिंगशी ताडला. दोन आकडे उलटसुलट पडले होते, तेव्हाच दुरुस्त करून घेतले."

कंटेनरचा नंबर म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे. आधीच्या आठवड्यात तो ड्रायव्हरने फोनवर सांगितला आणि तसाच फॉर्म-१३ वर, म्हणजे बंदरात आत जाण्याच्या कागदावर, चढला. चूक उघडी पडली बंदराच्या गेटवर. गाडी बाजूला लागली आणि कट-ऑफ चुकली. म्हणजे दोन दिवसांतला फरक बंदराच्या वाटेवरच्या गव्हाण फाट्याच्या रांगेत नव्हता, आदल्या संध्याकाळच्या यार्डातल्या एका फेरीत होता. मॅडमना स्वतःलाही त्यात काही विशेष वाटलेलं नसतं. चांगलं काम करणाऱ्यांचं असंच असतं, आपण वेगळं काय करतो ते त्यांच्या लक्षातही येत नाही. ते विचारूनच बाहेर काढावं लागतं.

चौथी पायरी: यशातली चूक शोधा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही. जमलेल्या कामाबद्दल स्पष्ट विचारा, "कुठे थोडक्यात वाचलो?" मंगळवारी ई-सील, म्हणजे कंटेनरच्या दाराला लावायचं इलेक्ट्रॉनिक सील, एकच शिल्लक होतं. ते खराब निघालं असतं, तर दीडला निघालेली गाडी संध्याकाळपर्यंत आवारातच उभी राहिली असती. काम जमलं म्हणून हे कुणी बोललं नसतं.

एलिस यांच्या सहकाऱ्यांसोबतच्या २००६च्या अभ्यासात हेच दिसलं: यशानंतरची सगळ्यात उपयोगी चर्चा म्हणजे त्या यशात काय चुकलं याची. अपयशानंतर मात्र चुकलेल्या किंवा बरोबर केलेल्या, कुठल्याही गोष्टींची चर्चा उपयोगी ठरली.

याकडे दुर्लक्ष झाल्यावर काय होतं, ते आपण २००३ साली पाहिलं आहे. कोलंबिया यानाच्या उड्डाणात बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. आधीच्या मोहिमांमध्येही फोम सुटला होता आणि यानं सुखरूप परतली होती. त्यामुळे ते चालण्यासारखं आहे, असं मानलं जाऊ लागलं होतं. १ फेब्रुवारीला परतताना कोलंबिया कोसळलं. कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले. परत आलेल्या प्रत्येक यानाबद्दल "कुठे थोडक्यात वाचलो?" हा प्रश्न नेटाने विचारायला हवा होता.

पाचवी पायरी: अपयशातलं बरोबर

हे तुलनेने सोपं आहे. कट-ऑफ चुकली त्या दिवशी ड्रायव्हरने गेटवरून लगेच फोन केला, म्हणून बुकिंग पुढच्या जहाजावर हलवता आलं. ही सवय टिकवायची तर ती बोलून दाखवायला हवी. त्या दिवशी ड्रायव्हरला फक्त बोलणी बसली, तर पुढच्या वेळी तो फोन उशिरा करेल.

नावांबाबत माझा नियम असा: श्रेय नावाने द्या, चूक कामाच्या टप्प्यावर लिहा. "मॅडमनी नंबर ताडला" आणि "नंबर फोनवर घेतला गेला."

सहावी पायरी: एक पान, क्रियापदांचं

"समन्वय चांगला होता", "टीमने एकजुटीने काम केलं" अशी वाक्यं खोडून टाका. नवा माणूस ती वाचून उद्या सकाळी काय करणार? "कंटेनर आवारात आला की दारावरचा नंबर स्वतः वाचून बुकिंगशी ताडावा", "ई-सील पाचच्या खाली गेली की मागणी टाकावी", असं लिहा. एका पानात मावत नसेल, तर काहीतरी फापटपसारा शिरला आहे.

सातवी पायरी: शेवट झाकून प्रशिक्षण

नव्या मंडळींसमोर जोडीतल्या दोन्ही कामांची हकिगत ठेवा, पण निकाल झाकून. गाडी कधी आली, नंबर कुणी कसा घेतला, सील किती होती, एवढंच सांगा आणि विचारा, यातला कुठला कंटेनर वेळेत पोचला असेल आणि का? निकाल माहीत असला की सगळेच शहाणे होतात. यशस्वी कामातलं सगळं बरोबर वाटतं, फसलेल्यातलं सगळं चूक. निकाल झाकला की माणसं टप्पे तपासू लागतात. एकच सील असलेला कंटेनर "हा नक्की अडकणार" म्हणून कुणीतरी बाजूला काढतो, आणि तोच वेळेत गेलेला असतो. तिथून जी चर्चा सुरू होते, ती थांबवू नका.

आठवी पायरी: दुसऱ्या हातांनी करून बघा

एकदा जमलं म्हणून लगेच नियम करू नका. यार्डातली फेरी दुसऱ्या शिफ्टला महिनाभर करायला सांगा. रात्रपाळीत यार्डात उजेड कमी असेल आणि नंबर नीट दिसत नसेल, तर टॉर्च द्यावा लागेल, किंवा दाराचा जवळून फोटो काढून तो मोठा करून ताडावा लागेल. तसं पानावर दुरुस्त करा. दुसऱ्या हातांनीही जमलं की मग ते लेखी कार्यपद्धतीत घाला.

दर महिन्याला एक जोडी पुरे. मात्र गणपतीच्या आधी एक बैठक जास्तीची ठेवा. त्या दिवसांत अवजड वाहनांवर वेळेची बंधनं येतात आणि गाड्या काढण्याचं सगळं गणित बदलतं. गेल्या वर्षीच्या त्या आठवड्याचं पान काढून, ज्या गाड्या वेळेत पोचल्या त्या किती वाजता निघाल्या होत्या, तिथून सुरुवात करा.