लॉच्या वर्गात दरवर्षी होणाऱ्या चुका

सगळ्यात मोठी चूक हेडनोटची, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशाची. विद्यार्थी तेवढीच वाचतात आणि आम्ही शिक्षक ते चालवून घेतो. एकदा मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्यात, तिसऱ्या वर्षाच्या मुलीने सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातला उतारा खणखणीत वाचला. मी मूळ पान काढायला सांगितलं. उताऱ्याच्या वरच्याच ओळीत होतं, ‘अपीलकर्त्याच्या वकिलांचं म्हणणं असं की...’. पुढे कोर्टाने तेच म्हणणं फेटाळलं होतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोष माझाही होता, दोन वर्षं मी तिच्याकडून फक्त निकालांची नावं पाठ करून घेतली होती.

तेव्हापासून मी हेडनोट झाकूनच झेरॉक्स काढतो. आधी फॅक्ट्स: कोण, कोणाविरुद्ध, काय मागतोय. मग समासात पेन्सिलीने खुणा. ‘व’ म्हणजे वकिलाचं म्हणणं, ‘को’ म्हणजे कोर्टाचं, आणि ज्या कारणावर निकाल टिकलाय तिथे ‘रे’, म्हणजे रेशो. एका निकालाला दोन तास जातात. जाऊ देत. रात्रीत दहा निकालांच्या नोट्स उरकणाऱ्याला एकाचाही रेशो धड सांगता येत नाही.

निकाल अजून जिवंत आहे का, ते बघा. आणीबाणीतल्या अटकांवरचा १९७६ चा एडीएम जबलपूर निकाल २०१७ मध्ये पुट्टास्वामी या गोपनीयतेच्या हक्कावरच्या निकालात ओव्हररूल झाला, म्हणजे सर्वोच्च न्यायालयानेच तो चुकीचा ठरवला.

कलमंही ताजी हवीत. वकील-अशील गोपनीयतेचं पुरावा कायद्यातलं कलम १२६ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १३२ आहे, १ जुलै २०२४ पासून.

दुसरी मोठी चूक म्हणजे एथिक्स, म्हणजे वकिलीची नीतिमत्ता, हा ‘सोपा पेपर’ समजणं. बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचे, नियम घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला मी विचारतो, अशिलाने फी बुडवली, फाईल अडवशील? ‘हो सर, आपली मेहनत आहे.’ मग आर. डी. सक्सेना खटला काढतो. बँकेच्या वकिलाने थकलेल्या फीसाठी फायली अडवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं, फी राहिली म्हणून अशिलाची फाईल अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही. फीसाठी वेगळा दावा लावा.

हे वाचून पटत नाही, म्हणून त्याच मुलाला अशील करतो. तुझं मूळ खरेदीखत आणि सातबारा त्या फाईलमध्ये, सोमवारी तारीख, नवा वकील कागद मागतोय. समोरचा विद्यार्थी फाईल छातीशी धरून बसतो. दोन-तीन मिनिटांत आवाज चढतो, आणि मघाशी ‘आपली मेहनत’ म्हणणारा मुलगा स्वतःच नियम शोधायला पुस्तक उघडतो.