पाहुणे, मैत्रिणी आणि घरबसल्या काम: वर्षाची मांडणी कशी करावी

जळगावात घरी बसून मराठी मजकुराचे मुद्रितशोधन आणि अनुवाद करायला लागून मला आठ वर्षे झाली. या आठ वर्षांत माझ्याविषयी सर्वांत जास्त वेळा कानावर पडलेले वाक्य म्हणजे ‘ती ते घरमाच ऱ्हास’, म्हणजे आमच्या अहिराणीत ‘ती तर घरातच असते’. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. ज्या कामाला दुकानाचे शटर नाही आणि खांद्याला अडकवायची बॅग नाही, ते काम बाहेरून दिसत नाही. त्यामुळे दवाखान्यात सोबतीला कोण जाईल, मुंबईहून आलेल्या आत्याबाईंना स्थानकावर घ्यायला कोण जाईल, या प्रश्नांचे उत्तर घरात आधीच ठरलेले असते. घर सांभाळून काम सुरू करणाऱ्या मैत्रिणींना बहुतेक जण दिवसाचे वेळापत्रक करण्याचा सल्ला देतात. माझा अनुभव असा आहे की, खानदेशातल्या घरात दिवसाचे वेळापत्रक चार दिवसही टिकत नाही, म्हणून आधी वर्ष मांडावे आणि दिवसाकडे नंतर वळावे.

नव्या वर्षाची दिनदर्शिका घरात आली की एक निवांत दुपार काढून ती घेऊन बसावे. सर्वांत आधी आखाजीवर खूण करावी, कारण अक्षय्य तृतीयेला आपण माहेरी जाणार असतो आणि त्याच दिवसांत नणंदाही माहेरी येणार असतात, म्हणजे जाण्याआधीचे दोन दिवस आणि परतल्यानंतरचे दोन दिवसही कामाचे नसतात. आखाजी एप्रिल-मेमध्ये येते. लग्नसराई, मुलांची सुट्टी, गच्चीवरची कुरडया-पापडांची वाळवणे आणि पारा पंचेचाळीस अंशांकडे नेणारे ऊन हे सगळे त्याच दीड महिन्यात एकत्र येते, त्यामुळे मे महिन्यात मी नवे मोठे काम घेतच नाही, केवळ जुन्या ग्राहकांची छोटी कामे सांभाळते. त्यानंतर श्रावणातली कानबाई, म्हणजे खानदेशात घरोघरी बसवली जाणारी देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते, परंतु रोटांचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे गहू, घराची सफाई आणि गावोगावचे भाऊबंद जमणे यांत आधीचा आठवडाही जातो. दिवाळीविषयी वेगळे सांगायला नको. या खुणा करून झाल्यावर जे आठवडे मोकळे उरतात, तेच आपले कामाचे वर्ष. ते पाहून पहिल्यांदा मन खट्टू होते, पण ग्राहकाला तारीख देताना हाच हिशेब उपयोगी पडतो.

मी हा हिशेब शिकले ते एका चुकीतून. तीन वर्षांपूर्वी कानबाईच्या आठवड्यात मी साठ पानांचे मुद्रितशोधन सोमवारी सकाळी देण्याचे कबूल केले होते. रविवारी घरात बावीस माणसे होती. रात्री मी धान्याच्या खोलीत, गव्हाच्या कोठीवर लॅपटॉप ठेवून काम पूर्ण केले आणि पहाटे फाइल पाठवली. त्यात दोन प्रकरणांच्या तळटिपांची अदलाबदल झाली होती आणि त्या ग्राहकाने पुन्हा काम दिले नाही. त्याहून जास्त लागलेली गोष्ट वेगळीच होती. त्या रात्रीचा सगळा स्वयंपाक माझ्या जाऊबाईंनी एकटीने उरकला आणि त्यानंतर पंधरा दिवस त्या माझ्याशी कामापुरतेच बोलल्या. मी त्यांना आधी एका शब्दानेही सांगितले नव्हते, म्हणून त्यांचे चुकले असे मला आजही वाटत नाही.

वर्ष मांडून झाल्यावर आपल्या हातात खरोखर किती तास आहेत, ते मोजावे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात आणि असे काम करणाऱ्या पुरुषांची 97 मिनिटे जातात, असे आढळले होते. म्हणजे सुमारे पाच तास आधीच गेलेले असतात, आणि मुलांचा अभ्यास किंवा आजाऱ्याची देखभाल त्याशिवाय वेगळी असते. आठ दिवस वहीत प्रामाणिकपणे नोंद करावी: कामाला केव्हा बसले, केव्हा उठले आणि उठायला कारण काय झाले. माझ्या नोंदीत साडेतीन तास निघाले, पहाटे पाच ते साडेसहा आणि मुले शाळेत गेल्यावर अकरा ते एक. पहाटेच्या दीड तासात माझी जेवढी पाने होतात, तेवढी दुपारच्या दोन तासांत होत नाहीत, म्हणून डोके लागणारे काम पहाटे आणि पत्रव्यवहार, बिले, फोन दुपारी, असे मी ठरवून टाकले आहे. मिळालेल्या तासांपैकी दोन तृतीयांश तासांचेच काम स्वीकारावे. उरलेला वेळ मुलाच्या तापाला, गेलेल्या विजेला आणि न कळवता आलेल्या पाहुण्यांना लागतोच.

घरच्यांना हे कसे सांगावे, यावर मी बराच विचार केला आहे. ‘मला काम आहे’ एवढेच म्हटले की ऐकणाऱ्याला आपण दूर लोटलो गेल्यासारखे वाटते. ‘मी एक वाजता मोकळी होते, मग आपण बसू’ असे म्हटले की त्याच माणसाला बोलावल्यासारखे वाटते. म्हणून आपण कधी अडकलेल्या असतो ते सांगण्यापेक्षा कधी मोकळ्या असतो ते सांगावे आणि सांगितलेली वेळ कसोशीने पाळावी. दुसरे म्हणजे कामाच्या तारखा मोबाइलमध्ये न ठेवता स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहाव्यात. ज्या चौकोनात दुधाचा रतीब आणि गॅसची टाकी लावल्याची तारीख असते, त्याच चौकोनात मी लाल शाईने ‘फाइल देणे’ असे लिहिते. सासूबाईंना माझ्या कामातले फारसे कळत नाही, पण लाल अक्षरे असलेल्या दिवशी त्या स्वतःच शेजारच्या काकूंना ‘उद्या या’ म्हणून सांगतात. पतीशीही एक गोष्ट स्पष्ट ठरवून घ्यावी: त्यांच्या बाजूचे पाहुणे येणार असतील तर चहा, मुलांना आणणे आणि पाहुण्यांसोबत बसणे यांपैकी निदान एक गोष्ट त्यांची राहील.

अचानक आलेल्या पाहुण्यांसमोर लॅपटॉप उघडा ठेवू नये. पाणी द्यावे, चहा टाकावा आणि पहिली वीस मिनिटे पूर्ण मनाने बसावे. आपले चित्त स्क्रीनकडे असले की समोरच्याला ते ताबडतोब कळते आणि तो दुखावला जातो. वीस मिनिटांनंतर ‘जेवूनच जायचे आहे, तोवर मी एक काम हातावेगळे करते’ असे सांगून उठावे. आपल्याकडे जेवणाचा आग्रह मनापासून केला असेल तर उठण्याचे कुणी वाईट मानत नाही. अशा दिवसासाठी भाकरीचे कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ दळून आणि शेवभाजीचा मसाला वाटून ठेवलेला असावा. खापरावरच्या पुरणपोळीचा बेत मात्र कामाच्या दिवशी मुळीच करू नये. ती पोळी दोन्ही हातांवर झुलवत मोठी करून खापरावर टाकावी लागते, आणि ती कोपरापर्यंत आलेली असताना ग्राहकाचा फोन वाजला तर पोळीही हातची जाते आणि फोनही.

माहेरी जाण्याचे दिवस कामापायी कमी करू नयेत, त्यांची पद्धत बदलावी. माझे माहेर अमळनेरचे, म्हणजे रेल्वेने साधारण तासाभराचे अंतर. पूर्वी मी वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस जायची आणि लॅपटॉप सोबत न्यायची. तेव्हा आईशी बोलणे होत नसे आणि कामही होत नसे. आता आखाजी सोडली तर महिन्यातून एकदा, फाइल दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, रिकाम्या हातांनी जाते आणि संध्याकाळी परतते. 17 मार्च 2023 पासून एसटीच्या गाड्यांमध्ये महिलांना निम्मे तिकीट लागते, त्यामुळे रेल्वेची वेळ जमली नाही तरी असे दिवसाचे जाणे-येणे खिशाला जड जात नाही.

मैत्रिणींच्या बाबतीत आपण सर्वांत जास्त हयगय करतो, कारण मैत्रिणीकडे न गेल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही. भिशी महिन्यातून एकदाच असते, ती शक्यतो चुकवू नये. एरवी भेटीसाठी वेगळा वेळ काढण्यापेक्षा जे करायचेच आहे ते दोघींनी मिळून करावे. आम्ही दोघी-तिघी आठवड्यातून दोन संध्याकाळी मेहरूण तलावाकाठी चालतो, आणि मनातले बोलणे तेवढ्या पाऊण तासात होते. घरून काम करणारी एखादी मैत्रीण मात्र आवर्जून जोडावी. भुसावळच्या अशाच एका मैत्रिणीला मी मोठे काम अर्धे देते आणि तिचे अर्धे घेते. एकीच्या घरी लग्न असेल तेव्हा दुसरी सांभाळून घेते, त्यामुळे दोघींचेही ग्राहक टिकले आहेत.

पैशाचे थोडक्यात सांगते, पण ते टाळू नये. काम सुरू करण्यापूर्वी दर, शब्द किंवा पाने, देण्याची तारीख आणि पैसे मिळण्याची तारीख ईमेलवर लिहून घ्यावी. नव्या ग्राहकाकडून निम्मे पैसे आधी घ्यावेत. छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे विनाशुल्क नोंदणी होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास त्यात ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसल्यास 15 दिवसांत, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक लिहायला लागल्यापासून माझे पैसे लवकर येऊ लागले आहेत. मिळणारे पैसे आपल्या नावाच्या स्वतंत्र खात्यात घ्यावेत. घरखर्चाच्या खात्यात ते मिसळले की वर्षाअखेरीस आपण किती कमावले ते आपल्यालाही सांगता येत नाही, मग घरच्यांना काय सांगणार?

यंदा आखाजीच्या पंधरा दिवस आधी मी माझ्या तिन्ही ग्राहकांना कळवले की त्या आठवड्यात मी माहेरी असेन. तिघांनीही तारखा पुढे घेतल्या. मुराळी म्हणून, म्हणजे मला माहेरी न्यायला, भाऊ आला, तेव्हा शेवटची फाइल आदल्या रात्रीच गेलेली होती आणि चौकोनातल्या लाल अक्षरांवर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने रेघ मारली होती.