पोटॅशियम किती आले होते?

फ्रॅक्चर जुळण्याच्या उपचारांवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती कधी ना कधी रक्ताचा असा अहवाल येतो, की त्यावरून नजर हटत नाही. माझ्या हाती तो पहिल्याच वर्षी आला आणि पुढचे पाच आठवडे मी त्याच्यामागे घालवले. ते आठवले की आजही जीव खालीवर होतो, म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी ही हकिकत सविस्तर लिहिते आहे.

आमच्या अभ्यासात नडगीचे हाड मोडलेल्या रुग्णांचे रक्त ठरावीक अंतराने घेतले जाई आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांत असणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम), कॅल्शियम, पी१एनपी (हाड घडण्याचा निदर्शक) व सीटीएक्स (हाड झिजण्याचा निदर्शक) यांचे आकडे क्ष-किरण चित्रांशी ताडून पाहिले जात. हाड जुळू लागले की अल्कलाइन फॉस्फेटेज वाढते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. चार रुग्णांत मात्र ते खालच्या मर्यादेच्याही बरेच खाली होते, कॅल्शियमही कमी होते आणि त्यांपैकी दोघांचे हाड जुळायला उशीर होत होता. हायपोफॉस्फेटेशिया हा अल्कलाइन फॉस्फेटेज कमी असण्याचा आनुवंशिक आजार प्रौढ वयापर्यंत ओळखला न जाता राहू शकतो आणि त्यात फ्रॅक्चर रेंगाळते, हे मी वाचलेले होते. या चौघांना तोच आजार आहे असे धरून मी अभ्यासाचा गोषवारा लिहायला घेतला. या आजारात कॅल्शियम सहसा कमी होत नाही, हेही त्याच वाचनात होते. ते वाक्य मी सोयीस्करपणे मागे टाकले.

गोषवारा घेऊन प्रयोगशाळेत गेले, तेव्हा तिथल्या ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, “पोटॅशियम किती आले होते?” मला सांगता येईना, कारण आमच्या प्रोफॉर्मात, म्हणजे अभ्यासाच्या ठरावीक नोंदपत्रात, पोटॅशियम नव्हते आणि म्हणून माझ्या तक्त्यातही त्याचा रकाना नव्हता. मूळ अहवाल काढले, तर चारही नमुन्यांत ते ७ च्या वर, म्हणजे धोक्याच्या पातळीवर होते. प्रत्येक वेळी वॉर्डाला फोन गेला होता, लगेच दुसरा नमुना घेतला होता आणि त्यात पोटॅशियम नेहमीसारखे आले होते. ही सारी नोंद केसपेपरात होती.

इथे जरा थांबून नीट समजून घ्या. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए हे रसायन पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. हेच रसायन सीरमच्या (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाच्या) ट्यूबमध्ये गेले, तर पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे घटते. तिसरी गोष्ट हाडांवर काम करणाऱ्यांना विशेष घातक आहे. अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर जस्त आणि मॅग्नेशियम यांच्या आधाराने काम करते; ईडीटीए या धातूंनाही ओढून घेते, त्यामुळे विकर रक्तात पुरेसे असूनही यंत्राला ते कमी दिसते. एवढे सगळे व्हायला सीरमची ट्यूब कमी भरली म्हणून जांभळ्या ट्यूबमधले थोडे रक्त तिच्यात ओतणे, किंवा सीरमच्या आधी जांभळी ट्यूब भरणे पुरते. लाल पेशी फुटल्यामुळे पोटॅशियम खोटे वाढले, तर सीरम लालसर दिसते आणि यंत्रही इशारा देते. इथे सीरम अगदी स्वच्छ दिसते. भेसळ अल्प असेल, तर कॅल्शियम मर्यादेतच राहून एकटे पोटॅशियम थोडेसे वाढलेले सापडते, आणि तो नमुना पकडणे सर्वांत अवघड.

म्हणून स्पष्ट सांगते: प्रोफॉर्मात नसलेला आकडाही पाहिल्याशिवाय विचित्र निष्कर्षाला हात घालू नका. कोणी आयता तक्ता दिला आणि ‘आकडे तपासलेले आहेत’ असे सांगितले, तरी मूळ अहवाल मागा. विसंगत आकडे गुपचूप वगळून टाकण्याची जी पळवाट पुष्कळ जण शिकवतात, तिचा मला मनापासून राग आहे. वगळायचेच असेल, तर कारण लिहून वगळा. मार्गदर्शकाविषयीही माझे ठाम मत झाले आहे. ज्यांना तुमचा निष्कर्ष ऐकून लगेच आनंद होतो, त्यांच्यापेक्षा रक्त कोणी आणि कोणत्या क्रमाने काढले हे विचारणारी व्यक्ती शोधा, मग तिचे पद कोणतेही असो.

मात्र घाबरून प्रत्येक विचित्र आकडा चूक म्हणून सोडूनही देऊ नका. नीट घेतलेल्या नमुन्यांत अल्कलाइन फॉस्फेटेज पुन्हा पुन्हा कमीच येत असेल, तर पायरिडॉक्सल फॉस्फेट (ब६ जीवनसत्त्वाचे एक रूप, जे हायपोफॉस्फेटेशियात वाढते) तपासायला हवे आणि गरज पडल्यास जनुकीय चाचणीही, कारण अशा रुग्णाला बिस्फॉस्फोनेट (हाडांची झीज रोखणारे औषध) दिल्याने नुकसान होऊ शकते. ईडीटीएमुळे काही जणांच्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकमेकींना चिकटतात आणि मोजणी खोटी कमी येते. प्लेटलेट-समृद्ध प्लाझ्माच्या अभ्यासातून अशा माणसाला वगळण्याआधी रक्ताची काचपट्टी पाहावी आणि सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या) ट्यूबमध्ये पुन्हा मोजावे. सीटीएक्स जेवणानंतर उतरते, म्हणून ते सकाळी उपाशीपोटीच घ्यावे.

उपचारांविषयी थोडेच लिहिते. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली खनिज काढून टाकलेल्या हाडाभोवती नवे हाड तयार होते हे दाखवले, आणि त्या धाग्यावरून आलेले बीएमपी-२ (हाड घडवायला लावणारे प्रथिन) अमेरिकेत २००४ मध्ये नडगीच्या उघड्या (कातडी फाटून जखम हाडापर्यंत गेलेल्या) फ्रॅक्चरसाठी मान्य झाले. उलट, मंद तीव्रतेच्या अल्ट्रासाउंडवर वर्षानुवर्षे भिस्त ठेवल्यावर २०१६ मध्ये नडगीच्या फ्रॅक्चरच्या ५०१ रुग्णांवरील ट्रस्ट चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. टेरिपॅराटाइड (हाड घडायला चालना देणारे औषध) दिल्यावर पी१एनपी हमखास वाढते, पण ती वाढ म्हणजे ते विशिष्ट फ्रॅक्चर जुळत असल्याचा पुरावा नव्हे. नवा अभ्यास आखताना रक्तातला आकडा आणि रुग्ण पायावर भार देऊन चालू लागणे, यांतले अंतर विसरू नका.

माझा गोषवारा कुठेही गेला नाही आणि त्याने माझे काहीही बिघडले नाही. तुमच्यावर अशी वेळ आली, तर तुमचेही बिघडणार नाही. त्या चौघांच्या दुसऱ्या नमुन्यांतले उरलेले सीरम तपासले, तेव्हा अल्कलाइन फॉस्फेटेज अपेक्षेप्रमाणे वाढलेलेच निघाले. हाड जुळायला उशीर होत असलेल्या दोघांपैकी एक जण रोज धूम्रपान करत होता आणि दुसऱ्याचे फ्रॅक्चर उघडे होते. दोन्ही गोष्टी प्रोफॉर्माच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेल्या होत्या.