सील गळतंय? उष्णतेला टिकणारं रबर बनवताना या चुका टाळा

गळीत हंगाम सुरू झाला की कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये फोन खणखणू लागतात. "गॅस्केट गेलं, वाफ गळतेय, उद्याच्या उद्या पाठवा." गेलेला नग हातात घेतला की बहुतेकदा एकच चूक दिसते: तापमान विचारलं, पण सील कशात बसणार ते विचारलंच नाही.

एफकेएम, म्हणजे ज्याला सगळे विटॉन म्हणतात ते फ्लोरिनयुक्त रबर, २०० अंश सेल्सिअसला गरम तेलात उत्तम चालतं. म्हणून महागडं एफकेएम कारखान्याच्या वाफेच्या लाइनवर बसवतात. पण बिसफेनॉल या रसायनाने क्युअर केलेलं (म्हणजे रबराच्या साखळ्या एकमेकींना जोडून पक्कं केलेलं) नेहमीचं एफकेएम वाफेत आणि कॉस्टिक सोड्यात खराब होतं, आणि इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे उसाचा रस आटवणाऱ्या यंत्राच्या, नळ्या तर कॉस्टिकनेच उकळून साफ करतात! सिलिकॉनही कोरड्या हवेत २०० अंश सोसतं, दाबाच्या वाफेत मात्र त्याची रेणूंची साखळी तुटते. तिथे ईपीडीएम हे स्वस्तातलं रबर बरं, साधारण १५० अंशांपर्यंत. फक्त त्याला खनिज तेल लागू देऊ नका, फुगतं.

ईपीडीएम घेतलं तरी ते गंधकाने क्युअर केलं तर काम अर्धवटच. गंधकाचे बंध उष्णतेत तुटून नव्या जागी जुळतात, आणि रिंग दाबलेल्या आकारातच बसून राहते. क्युअर करायला गंधकाऐवजी पेरॉक्साईड वापरा. त्यासोबत अ‍ॅरोमॅटिक तेल नको, ते पेरॉक्साईडच खाऊन टाकतं. पॅराफिनिक तेल घ्या.

हार्डनेस बरोबर आला की माल पास, ही सवय मला फार खटकते. सील धरतं ते दाबलेलं रबर उलट जो दाब देतं त्यावर, म्हणून कॉम्प्रेशन सेट, म्हणजे दाब काढल्यावरही रबर किती चपटं राहतं ते, मोजा: नमुना २५ टक्के दाबून ओव्हनमध्ये ठेवा, काढल्यावर अर्ध्या तासाने जाडी घ्या. आणि ओव्हन प्रत्यक्ष कामाच्या तापमानाला लावा. काम १४० ला आणि चाचणी ७० ला, याला अर्थ नाही.

वीज वाचवायला एफकेएमचं पोस्ट क्युअरिंग, म्हणजे साच्यातून काढल्यावर ओव्हनमध्ये पुन्हा तापवणं, कापू नका. २०० ते २३० अंशांना साधारण २४ तास द्यावेच लागतात.

गेलेला नगच निदान सांगतो. कडक होऊन तडे गेले तर उष्णता जास्त; चपटा पण मऊ राहिला तर क्युअर कच्चं; फुगला तर पॉलिमर चुकलं; कडा कुरतडल्या तर सील बसायची खाच भरून वाहतेय, कारण रबर लोखंडापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं. म्हणून जुनं सील पुसू नका, फेकू नका. पिशवीत घाला, वाफेकडची बाजू खुणेने दाखवा आणि आमच्याकडे पाठवा.